एक, दोन, तीन, तीन, दोन, एक

मामाने माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने सहा आकडे लिहिले. १, २, ३, ३, २, १. "बेरीज किती गो?" मी शाळेत गणित शिकवते, तरी त्याने मला विचारलं. बारा, म्हटलं. "मग झालं तर. सहा तासांत पाणी जेवढं चढायचं त्याचे बारा भाग कर. पहिल्या तासाला एक भाग चढतं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. उतरतानाही तसंच."

मामाचं सगळं आयुष्य गोव्यातल्या मांडवी नदीत खनिजाच्या बार्जवर गेलं. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा पट्टा वर येतो, नदीतून समुद्रात जाता येत नाही, तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत शिरायचं. त्या अरुंद कालव्यात भरलेली बार्ज कधी घालायची आणि कधी थांबायचं, हे या सहा आकड्यांवर चाले. भरतीची वेळ काढायला तर त्याला कागदही लागत नसे. तिथीला पाऊणकीने गुणायचं. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. थोडं इकडेतिकडे होतं, पण बार्जला तेवढं चालतं.

ते पान माझ्याकडे अजून आहे, कारण माझी पहिली स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, त्या पानावरून लिहिली गेली. तीन वर्षं लागली. त्यातली पहिली दोन मी चुकीच्या वाटेने चालले, आणि ती चूक आधी सांगितली पाहिजे.

माझं माहेर माशेल. आमचा देवकीकृष्ण मूळचा चोडण बेटावरचा. सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या काळात, देव तिथून आधी मयेला गेला आणि मग माशेलला आला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला होतो. माझे भाऊ त्यात लोळायचे आणि मी कट्ट्यावर बसून बघायचे. आजी म्हणायची, देव खाजनातला, नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला आहे, त्याला चिखलाची आठवण येते. लग्नानंतर मी रायबंदरला आले, तर खिडकीतून समोर नदी आणि नदीपलीकडे चोडणच. देवाने सोडलेलं गाव रोज डोळ्यांसमोर.

बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मी पणजीला व्हायोलिन शिकले, उभं राहून, समोर कागद ठेवून. घरी मात्र मांडी घालून भजनाला साथ करायची. कोण म्हणेल की या दोन गोष्टी वेगळ्या. मला त्या कधी वेगळ्या वाटल्या नाहीत. गोव्यात व्हायोलिन परकं नाही. चर्चच्या शाळांत मुलं अक्षरांबरोबरच सूर वाचायला शिकत. त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमासंगीताला वादक आणि अरेंजर मिळाले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागदारी आणि स्वरलिपीतलं वाद्यवृंदाचं लेखन एकाच कागदावर आणता येतं, हे त्यांनी माझ्या जन्माआधी करून दाखवलं होतं. मला नवी वाट पाडायची नव्हती. मला फक्त चोडणचं खाजन लिहायचं होतं.

चौघांसाठीच का, असं मला विचारतात. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. कंडक्टर नसतो. चौघं एकमेकांच्या श्वासावर वाजवतात आणि कुणालाही गर्दीत लपता येत नाही. खाजन ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. तिथेही लपायला जागा नसते. सपाट शेत, बांध, पाणी, आभाळ. मी त्या चौघांत व्हायोला वाजवते.

माझा पहिला मसुदा म्हणजे आवाजांचा संग्रह होता. सलीम अली अभयारण्याच्या पायवाटेवर मी पहाटे जाऊन बसायची. जागा लहान आहे, १.८ चौरस किलोमीटर, बेटाच्या पश्चिम टोकाला, सगळी खारफुटी. खंड्याचं खिदळत खाली येणारं ओरडणं मी पहिल्या व्हायोलिनला दिलं. टिटवी दुसऱ्या व्हायोलिनला. ओहोटीला खारफुटीच्या चिखलातून तडतड ऐकू येते. एक जातीची कोळंबी आपली नांगी मिटताना तो आवाज करते, शेकडोंनी, तवा तापल्यासारखा. त्यासाठी गजाच्या लाकडाने तारेवर टकटक. मला वाटलं, ड्वोरझाकनेही हेच केलं होतं. १८९३ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत आयोवातल्या स्पिलव्हिल गावी राहायला गेला, तिथे एका पक्ष्याने त्याला हैराण केलं, आणि त्या पक्ष्याची लकेर त्याच्या एफ मेजरमधल्या क्वार्टेटच्या तिसऱ्या भागात पहिल्या व्हायोलिनवर आली.

आमचा चेलोवाला दक्षिण गोव्यातल्या साष्टीचा आहे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, चर्चमध्ये वाजवत वाढलेला. मी त्याला सर म्हणते. पहिल्या तालमीनंतर त्याने पार्ट, म्हणजे त्याच्या वाद्याचे कागद, मिटला, चष्मा पुसला आणि म्हणाला, पक्षी छान आहेत. पण मी चार मिनिटं एकच सी स्वर धरून बसलोय, मी कोण आहे? मी म्हटलं, नदी. तो म्हणाला, नदी अशी बसून राहते का? मग हळूच म्हणाला, वर चोडणच्या जागी केरळातल्या एखाद्या गावाचं नाव घातलं तर यातला एक तरी सूर बदलावा लागेल का?

त्या रात्री मला झोप आली नाही. तो म्हणत होता ते खरं होतं. ड्वोरझाकची क्वार्टेट तो पक्षी काढून टाकला तरी उभी राहते. माझ्या मसुद्यातून पक्षी काढले तर मागे काही उरत नव्हतं.

मग मी पक्ष्यांकडे जाणं थांबवलं आणि मानशीकडे जाऊ लागले.

जे गोव्याचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षाही खाली असलेली जमीन. ती शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी खाऱ्या पाण्यापासून मिळवली. माती, पेंढा, बांबू, बाहेरून जांभा दगड, असा बांध घालून. मांडवीत भरतीचा परिणाम वर गांजेपर्यंत, सुमारे ५० किलोमीटर जातो, म्हणजे आमच्या भागातली नदी खरं तर दिवसातून दोनदा समुद्रच असते. बांधाच्या आत भात होतं, कोरगूट नावाचं, खारटपणा सोसणारं. आणि बांधात ठरावीक ठिकाणी दार असतं. त्या दाराच्या बांधकामाला मानस म्हणतात. मानशीवर जाळं लावून मासे धरण्याच्या हक्काची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने पावणी घेतली, त्याचं त्या वर्षी दारावर लक्ष.

तर अशा एका काकांनी मला मार्गशीर्षातल्या चतुर्थीला यायला सांगितलं. चार पाऊणे तीन. दुपारी तीनला पाणी भरलं, आणि मी पोचले तेव्हा नुकतंच फिरलं होतं. मानशीचं दार बंद. माट्टीच्या लाकडाच्या जाड फळ्या, काळ्या पडलेल्या, कडांना शेवाळ. बाहेर नदी माझ्या छातीएवढी उंच आणि आत पाणी गुडघाभर खाली, मध्ये फक्त ते लाकूड. मी विचारलं, हे बंद कोण करतं? मला वाटलं होतं, दोर किंवा चाक असेल.

"उदकच धांपता आनी उदकच उगडटा गो बाय," काका म्हणाले.

दार नदीच्या बाजूला उघडतं. नदी आतल्या पाण्यापेक्षा वर गेली की तीच दाराला रेटून बंद करते. जितकी भरती मोठी, तितकं दार घट्ट. नदी उतरली की आतलं पाणी त्याला ढकलून उघडतं. कुणी हात लावत नाही. आम्ही तिथे बांधावर तीन तास बसलो. निवट्या चिखलात उड्या मारत होत्या. एका बाजूने मोठी नांगी असलेले छोटे खेकडे ती नांगी वरखाली हलवत होते. इंग्रजीत त्यांना फिडलर, म्हणजे व्हायोलिनवाला म्हणतात, आणि खरंच ते गज ओढल्यासारखं दिसतं. सहाच्या सुमारास काकांनी बोलणं थांबवलं आणि दाराकडे बोट केलं.

बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी एका रेषेत आलं होतं. त्या काही क्षणांत दाराला कुणीच धरलेलं नव्हतं. ते जड लाकूड किंचित थरथरलं, अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे. मग फळ्यांच्या मधून एक बारीक धार नदीकडे निघाली, रुंद झाली, आणि दार हळूहळू उघडलं. काकांनी जाळं सोडलं. अंधार पडेपर्यंत शेतातलं पाणी नदीत जात राहिलं.

परतीच्या फेरीबोटीत मी वही काढली. क्वार्टेटचा आराखडा त्या दारात होता. चेलो नदी. दुसरं व्हायोलिन बांधाच्या आतलं पाणी. पहिलं व्हायोलिन शेत, आभाळ, हवं तर पक्षी, पण आता मोकळं, वरून. आणि व्हायोला, म्हणजे मी, दार.

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. सुकतीपासून, म्हणजे पुऱ्या ओहोटीपासून, सुकतीपर्यंतही तेवढेच. मी तासाचं मिनिट केलं. रचना १२ मिनिटं २५ सेकंदांची. मग चेलोने कसं चढायचं? तेव्हा मामाचं पान आठवलं. बारा भाग. सप्तकात स्वर किती? बारा.

ही गोष्ट मी हजार वेळा सांगू शकते आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो. चेलोच्या सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेवर, सीवर, षड्ज धरा. पहिल्या मिनिटाला एक अर्धस्वर चढा: कोमल रिषभ. दुसऱ्याला दोन: कोमल गंधार. तिसऱ्याला तीन: तीव्र मध्यम. पुन्हा तीन: शुद्ध धैवत. दोन: शुद्ध निषाद. एक: वरचा षड्ज. सहा मिनिटांत नदी बरोबर एक सप्तक चढली. उतरताना तेच स्वर उलटे, कारण आकडे दोन्हीकडून सारखेच वाचता येतात.

सा, कोमल रे, कोमल ग, तीव्र म, ध, नी, सा. पंचम नाही. मी पेटीवर वाजवून पाहिलं आणि अंगावर काटा आला. गुर्जरी तोडी रागाचा धैवत कोमल, इथे शुद्ध. मारवा रागाचा गंधार शुद्ध, इथे कोमल. म्हणजे खालचा अर्धा भाग सकाळच्या तोडीचा आणि वरचा अर्धा संध्याकाळच्या मारव्याचा. कर्नाटक संगीताच्या ७२ मेळांत, म्हणजे मूळ स्वरमालांत, शोधलं तर ४७ वा, सुवर्णांगी, त्यातून पंचम वगळला की हेच स्वर. पण मी तिथून घेतले नव्हते. मला ते नदीच्या चढण्याच्या हिशेबातून मिळाले होते, आणि पंचमाचा आधार नसल्यामुळे त्यांत सतत काहीतरी लोटत असल्याची भावना होती. सरांना फोन लावून मी चेलोची ओळ गाऊन दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आता मला काम आहे.

दुसऱ्या व्हायोलिनचं पाणी कोमल गंधारावर थांबतं. चेलो वर चढत त्या गंधाराला भेटतो तेव्हा दार बंद होतं, साधारण दुसऱ्या मिनिटाला. दार बंद असताना आतलं पाणीही थोडं चढतं, झरे असतात, म्हणून दुसरं व्हायोलिन फार सावकाश तीव्र मध्यमापर्यंत जातं. चेलो उतरत त्या मध्यमावर येतो ते नवव्या मिनिटानंतर. तिथे दोन्ही पाणी एका सुरात येतात आणि दार उघडतं. त्या एका जागेसाठी मी सगळी रचना बांधली. दोन वाद्यं एकाच स्वरावर, कंप न देता, आणि व्हायोला त्या स्वराच्या जरा वर, जरा खाली, थरथरत.

प्रत्येकाची लय वेगळी ठेवली आहे. नदीची लय शेताला माहीत नसते. हे कागदावर सोपं वाटतं आणि वाजवताना माणूस रडकुंडीला येतो. तालमीत मी मुलांना लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांची गोष्ट सांगायचे, की हाताचा एक ताल, पायाचा दुसरा, आणि एकटा माणूस ते सगळं धरून समेवर येत असे. आपण तर चौघं आहोत.

मला सगळ्यात जड गेली ती दार बंद असतानाची सात मिनिटं. व्हायोलाने काय करायचं? आधी मी तिथे विराम लिहिला होता. सात मिनिटं मी वाद्य मांडीवर घेऊन बसायची. ऐकायला ते वाईट नव्हतं, पण खोटं होतं. बंद दार विश्रांती घेत नाही. सगळी नदी त्याच्यावर रेलून असते. एका पावसाळ्यात आमच्या ओळखीच्यांच्या बांधाला भगदाड पडलं होतं आणि एका रात्रीत शेत खारं झालं. पावसाने मीठ धुऊन निघायला पुढची दोन-तीन वर्षं जातात, असं ते म्हणत होते. दाराने काही केलं नाही तर काय होतं, ते मी पाहिलं होतं. म्हणून विराम खोडला आणि एकच स्वर लिहिला, सात मिनिटं, गजाचा दाब वाढत वाढत जाणारा.

सादरीकरणासाठी एका आयोजकांकडे गेलो तर ते म्हणाले, मागे मोठा पडदा लावू, ड्रोनने काढलेलं चोडण दाखवू, पक्ष्यांचे आवाज स्पीकरवर. मी नको म्हटलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण लोकांनी पाहायला लागावं हे मला नको होतं. मग पणजीतल्या एका जुन्या घराचा साल, म्हणजे दिवाणखाना, मिळाला. लाकडी तक्तपोशी, उंच खिडक्या, पन्नास खुर्च्या. श्रावणात.

श्रावण तंतुवाद्यांचा वैरी. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. खुंट्या फुगून बसतात, फिरत नाहीत. गजाचे केस ढिले पडतात. सरांच्या चेलोची खालची शिवण सुटली, कारण आतला सरस ओलाव्याने धरत नाही, आणि दहा दिवस तो चेलो शिकंजात आवळून पडून होता. मी व्हायोलाच्या पेटीत सिलिकाच्या पिशव्या भरून ठेवते, तरी गेल्या रविवारच्या तालमीत माझा गज पुरता ताणलाच जाईना.

आम्ही दुसऱ्या मिनिटाला दार बंद केलं. मी तो स्वर धरला, दाब वाढवत गेले, आणि पाचव्या मिनिटाच्या आसपास, चेलो शुद्ध धैवत ओलांडून निषादाकडे जात असताना, ढिल्या केसांखालून तार निसटू लागली. स्वराच्या कडेने एक बारीक, ओली खरखर यायला लागली. थांबते, जाते, पुन्हा येते. मला थांबायचं होतं, पण सरांनी मान हलवून पुढे चल म्हटलं.

संपल्यावर कुणीच गज खाली ठेवला नाही. पहिलं व्हायोलिन वाजवणारी मुलगी डिचोलीची आहे, तिच्या आजोळचं खाजन होतं. तीच आधी बोलली. ती म्हणाली, ताई, दार गळत होतं.

आणि गळतंच. त्या दिवशी बांधावर मी ते तीन तास ऐकलं होतं आणि लिहायचं विसरले होते. फळ्यांच्या फटीतून नदी थोडी थोडी आत येत असते. आतल्या पाण्यात खारटपणा उरतो तो त्यामुळेही. मी दुसऱ्या व्हायोलिनच्या चढण्याला झऱ्यांचं कारण दिलं होतं, पण त्या खरखरीनंतर ते ऐकलं तर आतलं पाणी नदीमुळेच वर येतंय असं वाटतं, आणि ते जास्त खरं आहे.

याला स्वरलिपीत ठरलेलं चिन्ह सापडलं नाही. मी माझ्या पार्टवर त्या बारच्या, म्हणजे स्वरलिपीतल्या त्या खणाच्या, डोक्यावर देवनागरीतच लिहिलं: दार बंद, पाणी गळतं. गजाचे केस किती ढिले ठेवायचे तेही लिहिलं. डिचोलीच्या मुलीने विचारलं, पण गळती सुरू कधी होते? दार बंद झाल्याबरोबर की नदी बरीच वर चढल्यावर? त्यावर दुसऱ्या व्हायोलिनचा पहिला चढ कुठे घ्यायचा ते ठरणार आहे. सरांचं मत एक, माझं दुसरं.

उद्या तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. शाळा सुटल्यावर लगेच फेरी धरली तर दार उघडायच्या आत मानशीवर पोचेन. काकांना फोन केला आहे.